दोन विरुद्ध एक

अक्का, सकाळी तुम्ही माझं मत ऐकणार होतात.

"रातभर इचार कर. उद्या रिक्षात भेटलीस की पयलं ते सांग, बाकीचं मग," असं म्हणून तुम्ही राजारामपुरीत तुमच्या इमारतीपाशी उतरलात आणि मागं न बघता जिना चढलात. मी विचार केला. मत ठरलं. सकाळी नेहमीसारखी रिक्षा घेऊन तुम्हाला न्यायला आले तेव्हा ते ऐकायला तुम्ही नव्हतात. तुम्ही गेलात त्याला अजून आठवडाही झालेला नाही, आणि आपला वाद जिथं थांबला तिथंच पडून आहे.

हे मराठीत लिहिते आहे. सिनेमावर मी नेहमी इंग्रजीतून लिहिते. त्यातला एक लेख तुम्ही फोनवर लांब धरून बघितलात आणि म्हणालात, "दिसाया लई छान दिसतंय गं. माझ्यासाठी कधी लिहिणार?" मी हसले होते. शाळेत मराठी मला शंभर मार्कांपुरतं होतं, त्यामुळं चुका होतील. तुम्ही मोठ्यानं दाखवाल, असं अजून वाटतं.

कोल्हापूरच्या चित्रपट महोत्सवात आपण तिघं परीक्षक होतो. पुण्याहून आलेले सर अध्यक्ष होते. महोत्सवाला एक तरुण परीक्षक हवा होता, म्हणून मी. आणि तुम्ही, कारण कोल्हापुरात ठरावीक वयाच्या पुढच्या प्रत्येकानं तुम्हाला पडद्यावर मरताना पाहिलं आहे. नायकाची आई, विधवा वहिनी, खोकणारी शेजारीण. पहिल्या दिवशी सरांनी आदरानं विचारलं, "तुमच्या भूमिका बहुतेक लहानच होत्या, नाही का?" तुम्ही म्हणालात, "लहान न्हाईत ओ, लवकर संपणाऱ्या. मध्यंतराच्या आत मरायचं आणि दुपारच्या एस.टी.नं गावाकडं नेसरीला जायचं. हिरॉईनला कुठं मिळतंय असं सुख?"

मला तुमची भीतीच वाटली होती. आमच्या घरी कुणी इतक्या मोठ्यानं बोलत नाही. तुम्ही मला नाव विचारलंत, मी हळू सांगितलं, तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि तिथपासून मी 'मिस' झाले. "मिस, हिकडं बस. त्या सरांचा दिवा डोळ्यात येतोय." सर अंधारात छोट्या दिव्यावर टिपणं काढायचे. तुम्ही पर्समधून भडंगाची पुडी काढायचात. परदेशातला एखादा दिग्दर्शक पाच मिनिटांची शांतता ठेवायचा आणि त्या शांततेत तुमचं भडंग वाजायचं.

सिनेमा बघायची तुमची रीत मला दुसऱ्या दिवशी कळली. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा गावच्या बाजाराचा प्रसंग चालू होता. गोळी सुटते, नायक पडतो. तुम्ही माझ्या कानाशी आलात. "मधल्याकडं बघू नगंस, त्याच्यावर लाईट हाय. कडंला बघ. तो बटाटेवाला बघितलीस? गोळी सुटली आणि हा बटाटं तोलतोय. त्येला कुणी सांगितलंच न्हाई." बाहेर आल्यावर तुम्ही सरांना तेच ऐकवलंत. सर म्हणाले, "अक्का, तो मुद्दाम तसा ठेवलाय. त्या बाजाराला गोळीची सवय झालीय, हेच तर सांगायचंय." तुम्ही जिन्यावर थांबलात. मग म्हणालात, "आसंल. मग तर लई वाईट हाय की हो ते." तुमचा आवाज तेव्हा खाली आला होता. मला तुम्ही आवडायला लागलात त्या जिन्यावर. हेही मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून मी कडेला बघायला लागले. वाळवंटातल्या सिनेमात बसची वाट बघणाऱ्या रांगेतली शेवटची बाई. बंदराच्या सिनेमात पोलीस आल्यावर घाईघाईनं वाळत घातलेले कपडे काढणारा म्हातारा. आपण एकमेकींना कोपरानं ढोसून माणसं दाखवायचो. माझ्या लेखांमध्ये अशी माणसं कधी नव्हती. त्यांत प्रकाश असायचा, रचना असायची, आणि असं मोठं मोठं बरंच काही.

शेवटी दोन सिनेमे उरले.

एक लग्नाचा. डोंगराळ देश, लहान गाव. लग्नाच्या सकाळी नवरीचा बाप आतल्या खोलीत मरतो. घरातल्या बायका ठरवतात, नवरी सासरी जाईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. पुढचे दीड तास स्वयंपाकघर, नाच, दारू, आहेर, आणि त्या बंद दारासमोरून जाणारी-येणारी माणसं. तुम्ही हसून हसून रडलात. सगळं थिएटर हसत होतं. महोत्सवाचे सचिव आपल्या मागच्या रांगेत होते, तेही गुडघ्यावर थाप मारून हसत होते. "आमच्या नेसरीत झालंय हे," तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "अक्षता पडूस्तवर म्हाताऱ्याला दोन उशा लावून बसवलतं!" आणि मग मला हळूच, "ती भांडं ढवळणारी बघ. तिला म्हाईत हाय. तिच्या हातावरनं कळतंय."

दुसरा बर्फाचा. उत्तरेकडचा थंड देश, गावाबाहेरचं घर, आजारी आई आणि तिची मुलगी. दोघी जवळजवळ बोलत नाहीत. मुलगी आईची नखं कापते, सूप ढवळते, खिडकी पुसते. आई मरते तो प्रसंग एकाच लांब शॉटमध्ये आहे आणि कॅमेरा दारातून आत येत नाही. मी श्वास रोखून बघत होते. तुम्ही खुर्चीत चुळबुळत होतात. शेवटी तुम्ही म्हणालातच, "अगं पण शेजारी कुठं मेलं सगळं?" पुढच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं. तुम्ही म्हणालात, "शूऽऽ काय? खरंच इचारतोय की."

त्या संध्याकाळची रिक्षा तुम्हाला आठवत असेल, असं लिहिणार होते. आता कुणालाच आठवत नसणार, माझ्याशिवाय आणि त्या रिक्षावाल्याशिवाय. तुमचं मत लग्नाला, सरांचं बर्फाला, आणि माझं अधांतरी.

"बर्फाचं खोटं हाय," तुम्ही म्हणालात. "मी इतक्यांदा मेलोय, मला म्हाईत हाय. मरणाच्या घरात माणसं येत्यात. नको म्हटलं तरी येत्यात. कुणी चहा ठेवतंय, कुणी उगंच रडतंय, कुणी घड्याळाकडं बघतंय. त्या घरात एक माणूस न्हाई फिरकत. असं कुठं असतंय व्हय?"

"असतं अक्का. तिकडे असतं."

"तिकडं म्हंजे कुठं? माणसं तिकडं न्हाईत?"

मी कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागले. तो दारातून आत का येत नाही, लांब शॉटमुळं काय होतं. माझंच बोलणं मला ऐकू येत होतं आणि ते मला पटत नव्हतं. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, कडेच्या माणसाकडं बघायचात तशा.

"हे तुझं न्हाई, पुस्तकाचं हाय. तुला का आवडलं ते सांग."

मी रस्त्याकडं बघायला लागले. रिक्षावाला आरशातून म्हणाला, "अक्का, जाऊ दे की पोरीला. तुमी मेलता तवा तरी कुठं शेजारी आलते? हिरोच्या मांडीवर गेलासा डायरेक." तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. "मला डायलॉग होता रे, मुडद्या! शेजारी आलं असतं तर मी बोललो कधी असतो?"

उतरताना मात्र तुम्ही हसत नव्हतात. "माझ्याकडं बघून मत देऊ नगंस, मिस. मी काय, भांडीन आणि इसरीन. पिक्चरकडं बघून दे."

सकाळी मी खालून हॉर्न वाजवायला सांगितला. मग वर आले. बेल वाजवली. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं तुमची किल्ली होती, त्यांनी दार उघडलं.

मी तोपर्यंत मेलेलं माणूस पाहिलं नव्हतं. पडद्यावर इतकी पाहिली होती की मला वाटायचं, पाहिलं आहे. तुम्ही कुशीवर होतात. एक पाऊल पांघरुणाबाहेर. समारंभासाठी तुम्ही केस काळे केले होते, उशीवर जुना टॉवेल अंथरला होता आणि त्यावर रंगाचे डाग पडले होते. तोंड थोडं उघडं होतं. सिनेमात तुम्ही कधीच तोंड उघडं टाकून मेला नव्हतात. काकूंनी मोठ्यानं हाक मारली, "अक्काऽ," आणि मला त्या हाकेचाच राग आला. इमारतीतल्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, पहाटे कधीतरी गेल्या असाव्यात. झोपेतच.

तुम्ही म्हणाला होतात, माणसं येतात. पहाटे कुणी आलं नव्हतं. पण अक्का, हे मी वादात वापरणार नाही. तेवढं मला कळतं.

अर्ध्या तासात सचिव आले. त्यांनी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. मग मला गॅलरीत नेलं. त्यांचे डोळे लाल होते, ते नाटक नव्हतं.

"हे बघ बाळ, मी ह्यांना चाळीस वर्षं ओळखतो. पण आज समारोप आहे. पाहुणे मुंबईहून निघालेत. आत्ता बातमी फुटली तर कार्यक्रमच होणार नाही. संध्याकाळपर्यंतचाच प्रश्न आहे. कार्यक्रम होऊ दे, शेवटी मी स्वतः जाहीर करतो. तोवर तब्येत बरी नाही म्हणायचं."

ते पुढं म्हणाले, "अक्का मुळात रंगभूमीवरचं माणूस. वडील गेले त्या दिवशी तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्यात. त्यांना हेच आवडलं असतं."

मग त्यांनी तुमच्या पुतण्याला, बसवराजदादांना फोन लावला. ते गाडी घेऊन नेसरीहून निघाले होते. फोन स्पीकरवर होता. "चालतंय की," ते म्हणाले. "आम्ही न्हेतो गावाकडं. पावणं बेळगावास्नं यायचेत, मातीला सांज होईलच. तुमचं काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा." कुणीच वाईट नव्हतं. सगळ्यांना फक्त कामं उरकायची होती. आणि ह्याच सचिवांनी दोन दिवसांपूर्वी लग्नाचा सिनेमा बघितला होता. गुडघ्यावर थापा मारून हसले होते. मी सचिवांकडं बघत राहिले, की आता तरी आठवेल. नाही आठवलं.

आपली शेवटची बैठक दुपारी झाली. टेबलाला तीन खुर्च्या होत्या. सरांनी दिवा, टिपणं, काहीच काढलं नाही. फक्त विचारलं, "तुझं काय ठरलं?"

अक्का, इथं मी काय करावं असं तुम्हाला वाटलं असतं, ते मला माहीत आहे. आणि मला काय करावंसं वाटत होतं, तेही. लग्नाच्या सिनेमाला मत द्यायचं, तुम्हाला जिंकवायचं, आणि आयुष्यभर बरं वाटून घ्यायचं. फार सोपं होतं. सरांनी वादही घातला नसता, त्यांची तशी तयारी दिसत होती. पण रात्री माझं ठरलं होतं ते ठरलं होतं. तुम्ही गेल्यानं सिनेमा बदलला नव्हता.

"बर्फाचा," मी म्हणाले.

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग निकालात 'एकमतानं' लिहू या. अक्कांचं मत लेखी असं काही नाही. सोपं होईल."

"एकमतानं नाही सर. दोन विरुद्ध एक."

"अगं, पण मग ते तिसरं मत कुणाचं, त्या कुठं आहेत, हे सगळं येणार."

"येऊ दे."

एवढंच बोलले. सर खिडकीबाहेर बघत होते. "निकाल तूच वाचणार आहेस," ते शेवटी म्हणाले. ती परवानगी होती की आठवण, मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला मातीत ठेवत होते साधारण त्याच सुमारास मी मंचावर होते. मला चार माणसांत बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. समोर काळोख आणि डोक्यावर दिवे. आयुष्यात पहिल्यांदा लाईट माझ्यावर होता. सिनेमाचं नाव वाचलं, टाळ्या झाल्या. कागदावर पुढं आभार होते. मी म्हणाले, "हा निर्णय एकमताचा नाही. दोन मतं ह्या सिनेमाला आहेत. तिसरं मत अक्कांचं आहे आणि ते लग्नाच्या सिनेमाला आहे. त्यांना हा सिनेमा खोटा वाटला. त्यांचं म्हणणं होतं, मरणाच्या घरी माणसं येतात. अक्का आज पहाटे गेल्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणाली?" कुणीतरी त्याला सांगितलं. मग सर उठून उभे राहिले, सगळ्यांत आधी. मग खुर्च्यांचे आवाज, एकामागून एक, पार मागच्या रांगेपर्यंत. पुष्पगुच्छांचं तबक धरलेली मुलगी माझ्याशेजारी तशीच उभी होती. तिला पुढं जायचं की थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडं बघत होते.

नंतर सचिव गाड्यांच्या मागं मला भेटले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, "कार्यक्रम संपेपर्यंत थांबायला काय झालं होतं गं?" आणि तोंडावर रुमाल धरून रडायला लागले. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही.

काहीजण म्हणाले, छान केलंस. काहीजण म्हणाले, मयत सांगायची ती जागा होती का? घरी आई म्हणाली, "जेवून घे."

दुसऱ्या दिवशी मी नेसरीला आले. बसवराजदादांच्या घरी ओसरीभर माणसं होती. चहाचं पातेलं चुलीवरून खाली उतरत नव्हतं. कुणी उगीच रडत होतं, कुणी घड्याळ बघत होतं. सगळं तुम्ही सांगितलं होतं तसं. दादांची बायको, गिरिजावहिनी, मला शेताच्या कडेला घेऊन आल्या. तुम्हाला तुमच्या रीतीप्रमाणं बसवून पुरलं होतं. ओल्या मातीवर बेलाची पानं होती, विभूती होती.

"फोनवर बघितलो आम्ही, तू बोललेली," वहिनी म्हणाल्या. "म्हातारीच्या उलटं मत दिलीस व्हय?"

"हो."

"का गं?"

मी कॅमेऱ्याचं सांगणार होते. वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला नगं सांगूस. मला कुठं पिक्चर कळतंय? तिला सांग." आणि त्या बांधावर जाऊन बसल्या.

मी मातीपाशी बसले. "बर्फाचा, अक्का," मी म्हणाले. मोठ्यानंच, तुम्हाला हळू बोललेलं ऐकू येत नाही म्हणून. आणि थांबले. तुम्ही ओरडाल म्हणून थांबले असेन. शेतात कुणाचातरी पंप चालू होता, तेवढाच आवाज. तुम्हाला इतका वेळ गप्प राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी तुम्हाला रिक्षात सांगायचं राहिलेलं सांगितलं. कॅमेरा नाही अक्का. आमच्या घरी कुणी येत नाही. आम्ही तिघं आहोत, आई, बाबा, मी. आम्ही भांडत नाही. गॅस संपला, दार लाव, उशीर होईल का, एवढं बोलतो. शेजारच्यांची नावं मला दारावरच्या पाटीमुळं माहीत आहेत. त्या सिनेमातलं घर बर्फात नाही. ते तुमच्या रिक्षाच्या रस्त्यावर आहे, तुमच्या पुढच्या चौकात. त्या मुलीकडं बघताना मला वाटत होतं की हे सगळं कसं होणार आहे ते मला आधीच कळलं आहे. म्हणून तो खरा वाटला. खोटा वाटला असता तर बरं झालं असतं. तुमचंच बरोबर निघावं, असं मला फार वाटत होतं.

मागं बघितलं तर वहिनी उठून जवळ आल्या होत्या. त्यांनी किती ऐकलं ते माहीत नाही. त्या म्हणाल्या, "आज जाऊ नगंस. ऱ्हा हितंच. घरात माणसं हायत, जेवण हाय."

दुपारच्या एस.टी.ला अजून वेळ होता, आणि तिच्यानंतरही गाड्या होत्या. मी म्हणाले, "नको वहिनी, घरी वाट बघत असतील."

वाट कुणी बघत नव्हतं. मी गाडीत बसले.